तिसऱ्या गोपिकेची मान

निर्मळ,
१२ जुलै २०२५

चि. नेत्रा,

स्वतःच्या हातांनी मी आजवर काय काय केलं ते आधी सांगतो, मग कामाचं बोलतो.

ताक घुसळणारी यशोदा. पाच फण्यांचा कालिया, प्रत्येक फणा वेगळ्या वेळी वर येतो. रहाट ओढणारा बैल. पाणी खरं, बैल कागदाच्या लगद्याचा. द्रोणागिरी उचलणारा मारुती, जो डोंगर पुन्हा जागेवर ठेवतो, कारण मोटरवर चालणाऱ्या देखाव्यात उचललेली वस्तू परत ठेवावीच लागते, पुराणात काहीही असो. भुईगावच्या युजीनकडे नाताळच्या गोठ्यातला मान डोलावणारा मेंढपाळ आणि त्याच्या मेंढ्या, पैकी एक शेपूट हलवते. पापड वाळत घालणारी म्हातारी. ही कोणी मागितली नव्हती. या सगळ्यांना गाडीच्या वायपरच्या जुन्या मोटरी, सायकलच्या चेनी आणि मोडक्या छत्र्यांच्या काड्या लागल्या. गुरू लागला नाही. शिक्षण दहावी, तेही एक विषय सोडून.

तू माझ्या मावसबहिणीची, स्वप्नाताईची मुलगी. नाशकात बसून लोकांच्या दुकानांची इंटरनेटवरची पानं सांभाळतेस आणि त्याचे पैसे घेतेस, असं तिने मागच्या लग्नात सांगितलं होतं. मला वाटलं गंमत करते आहे. आता खरं वाटायला लागलं आहे, त्याचं कारण ऐक.

गेल्या आठवड्यात तुळिंजच्या एका गणपती मंडळाच्या सेक्रेटरीला भेटायला गेलो. कालियाचं चित्र मापांसकट बरोबर नेलं होतं. त्याने मान वर केली नाही. म्हणाला, "काका, लिंक पाठवा." मी म्हटलं, मी समोर उभा आहे. तो म्हणाला, "ते बरोबर आहे, पण लिंक पाठवा."

दोन वर्षांपूर्वीपर्यंत ही मंडळं माझ्या शेडच्या दारात चपला काढून उभी राहायची. आता ती पडदा भाड्याने आणतात आणि त्यावर देव हलवतात. यंदा एकही काम हातात नाही. तुझ्या मामीने, प्रेमलताने, शेवटचं सांगून टाकलं आहे: दसऱ्यापर्यंत पैसे देणारं एक तरी काम आलं नाही, तर विहिरीमागची माझी शेड तिच्या भावाला, कुशलला. त्याला केळी पिकवायला जागा हवी आहे. म्हणजे माझा मारुती पडवीत आणि केळी पंख्याखाली.

तेव्हा मला एक पान करून दे. खर्च होईल तो कळव. उत्तर कागदावर लिही. फोनवरचं लिखाण माणूस नंतर पुसून टाकतो आणि मी असं म्हटलंच नव्हतं म्हणतो. त्याला मी पत्र समजत नाही.

तुझा,
हिरामणमामा


नाशिक,
२० जुलै २०२५

प्रिय मामा,

मायना काय घालतात ते आईला विचारलं, तर ती इतकी हसली की उत्तर राहूनच गेलं. म्हणून प्रिय. पोस्टात पाकीट मागितलं तेव्हा खिडकीतल्या बाईंनी विचारलं, नोकरीचा अर्ज का? मी म्हटलं, मामांचा.

पान करते. पैसे नकोत, पापडवाली म्हातारी माझ्याकडे पाठवा, ती मला हवी आहे.

सेक्रेटरीवर रागावू नका. आजकाल गिऱ्हाईक आधी पान बघतं, मग माणूस. पान नसलं तर समोर उभा माणूससुद्धा नसल्यासारखाच. माझंही तेच आहे. मी घरून काम करते, डायनिंग टेबलावर. पण माझ्या पानावर जे ऑफिस दिसतं ते माझ्या मैत्रिणीच्या डेंटिस्टचं आहे. खुर्ची फोटोत येऊ दिली नाही एवढंच. त्यानंतर कामं यायला लागली.

मला तीन गोष्टी पाठवा. एक, देखाव्यांचे व्हिडिओ, प्रत्येकी वीस सेकंदांचे. दोन, तुमचा एक हसरा फोटो. तीन, जुन्या गिऱ्हाइकांचे चार चांगले शब्द आणि पाचपैकी तारे. तारे पाचच मागा. मामींना फोन धरायला सांगा, तुमचा हात माप घेताना स्थिर असतो, फोन धरताना नाही, हे मला लग्नाच्या व्हिडिओवरून माहीत आहे.

बाकी काही करू नका. विशेषतः कोणाला काही उत्तर देऊ नका.

तुमची,
नेत्रा


निर्मळ,
१ ऑगस्ट २०२५

चि. नेत्रा,

पाकिटात कापसात गुंडाळलेलं एक छोटं कार्ड आहे. ते फोनमधलं आहे. खाऊ नकोस, तुझी आई लहानपणी काहीही तोंडात घालायची.

व्हिडिओ वीस सेकंदांचे नाहीत. वीस सेकंदांत माझी यशोदा रवीला हातसुद्धा लावत नाही. देखावा पूर्ण फिरून पहिल्या जागी येईपर्यंत दाखवायचा, नाहीतर बघणाऱ्याला वाटेल पुढे काहीतरी लपवलं आहे.

हसरा फोटो जमला नाही. प्रेमलता म्हणाली, हसा. मी हसलो. ती म्हणाली, राहू द्या. तसाच पाठवला आहे.

तारे गोळा करायला स्वतः सायकलवर हिंडलो. युजीनने पाच दिले. मी त्याला आठवण करून दिली की एका नाताळात मेंढीचं शेपूट गळून गव्हाणीत पडलं होतं. तो म्हणाला, जाऊ दे रे हिरामण. मी म्हटलं, जाऊ कसं देऊ, लिही. त्याने चार केले. एलिनानेही पाच म्हटले होते. तिच्या घरी देवदूताचा उजवा पंख डाव्यापेक्षा जरा खाली राहिला होता हे मी तिला शिडी लावून दाखवलं. तिला इतकी वर्षं दिसलं नव्हतं, आता दिसतं. तिने तीन दिले. एकूण प्रामाणिक काम झालं आहे.

आता महत्त्वाचं. गोकुळाच्या देखाव्यात कृष्ण शिंक्यातलं लोणी काढतो आणि तीन गोपिका एकामागून एक मान वळवून त्याच्याकडे बघतात. तिसऱ्या गोपिकेची मान दर सातव्या फेरीला अर्ध्यात अडकते. तोंड सरळ बघणाऱ्याकडे होतं, थोडी थरथरते, मग एकदम झटका घेऊन वळते. मानेत छत्रीची काडी आहे, ती कुठेतरी वाकली असावी. हा दोष पानावर ठळक लिहावा. गिऱ्हाइकाला नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

मामा


नाशिक,
९ ऑगस्ट २०२५

प्रिय मामा,

पान झालं. एलिनाबाईंचे तीन तारे बघून दोन मिनिटं डोकं धरून बसले, पण घातले.

एक आनंदाची बातमी. गोकुळाचा व्हिडिओ मी जरासा कापून टाकला होता, आणि तो धावला. धावला म्हणजे लोकांनी एकमेकांना पाठवला. आत्तापर्यंत साडेचार लाख लोकांनी पाहिला आहे. साडेचार लाख, मामा. अख्ख्या निर्मळने रोज पाहिला तरी एवढा होत नाही.

लोकांनी खाली लिहिलेल्यातले थोडे छापून पाठवते आहे, निवडून:

"अशी मान आयुष्यात पाहिली नाही."
"ऑफिसात कामं थांबवून सगळ्यांनी पाहिलं."
"परत परत बघतोय, मन भरत नाही."
"तिसरी गोपिका म्हणजे आपणच."

आता कामाचे फोन येतील. आले की हो म्हणा, आणि गिऱ्हाइकाला शिडी लावून काही दाखवू नका.

नेत्रा


निर्मळ,
१९ ऑगस्ट २०२५

नेत्रा,

हे पत्र मी दुसऱ्यांदा लिहितो आहे. पहिलं चौदा तारखेला लिहिलं होतं. त्यात मी लिहिलं होतं की "तिसरी गोपिका म्हणजे आपणच" हा फार मोठा भक्तीचा विचार आहे, ज्याने लिहिला त्याचा पत्ता कळव, त्याला देखाव्याचं मूळ चित्र भेट पाठवतो. निर्मळ नाक्यावर एक मुलगा स्कूटर थांबवून माझ्याकडे बघत मान हलकेच थरथरवून गेला. तो नमस्काराचा नवा प्रकार असावा, असंही लिहिलं होतं. मीही त्याला तसाच केला. ते पत्र मी फाडलं आहे.

कारण पंधरा तारखेला तुळिंजच्या त्या मंडळाने मला बोलावलं. सेक्रेटरी उठून उभा राहिला, खुर्ची दिली, चहा दिला, कार्यकर्त्यांनी माझ्याबरोबर फोटो काढले. मी कालियाचं चित्र उलगडलं. तो म्हणाला, काका, यंदा पडदा बुक झालाय, पण तुम्ही त्यावर आहात. म्हणजे काय, तर आरतीच्या आधी पडद्यावर माझी गोपिका दाखवणार. मी विचारलं, मग मला काम? तो म्हणाला, "काका, तुम्ही ऑलरेडी फेमस आहात, तुम्हाला काय काम?"

परत येताना बेकरीत पाव घ्यायला थांबलो. बेटी, जी गल्ल्यावर बसते, तिने विचारलं, हिरामणदादा, ती तुमचीच का? आणि मला फोन दाखवला. त्यात कृष्ण नाही. लोणी नाही. पहिल्या दोन गोपिका नाहीत. फक्त तिसरी, अडकलेली, डोळे फाडून बघते आहे, आणि मागे कोणीतरी तुतारी वाजवतं आहे. मग बेटीने खालचं सगळं वाचून दाखवलं. सगळं, तुझ्यासारखं निवडून नाही. वाचताना तिला दोनदा थांबून डोळे पुसावे लागले.

तू मला दोष लपवायला शिकवत होतीस आणि तोच एक दाखवून बसलीस. बाकी सगळं कापलंस.

मी गोपिका दुरुस्त केली आहे. काडी बाहेर काढली, ऐरणीवर सरळ केली, तेल दिलं. आता ती लोण्यासारखी वळते. नवा व्हिडिओ सोबत आहे, तो पूर्ण टाकायचा. लोकांना उत्तरंही द्यावी लागतील, ती अशी:

"सोन्या विरार" यांस: आपण "मावशी हँग झाली" असे लिहिले आहे. ती मावशी नाही. गोपिका आहे. वय सोळा धरून चेहरा केला आहे.

"क्वीन ऑफ तुळिंज" यांस: "मी पार्सल उघडते तेव्हा माझी सासू" हे वाक्य अपुरे आहे. पुढे काय होते ते लिहावे.

"कांदेपोहे ४२०" यांस: नाही, तिला भूत लागलेले नाही. काडी वाकली होती.

ज्यांनी नुसते रडत हसणारे तोंड पाठवले आहे त्यांस: मिळाले.

हिरामण


नाशिक,
२५ ऑगस्ट २०२५

मामा,

चुकले. तेवढाच तुकडा मी मुद्दाम ठेवला होता. अकरा मिनिटं कोणी बघत नाही, आणि ती इतकी छान अडकते की मला स्वतःला आवरलं नाही. तुतारीही मीच घातली. मी तुम्हाला सांगायला हवं होतं. आईला कळलंय, ती माझ्याशी बोलत नाहीये. मधूनमधून नुसती मान थरथरवते.

पण आता झालंय ते ऐका. दुरुस्त गोपिकेचा व्हिडिओ पूर्ण टाकला, जसा तुम्ही सांगितला तसा. तीनशे लोकांनी पाहिला. खाली सगळीकडे एकच मागणी: आमची जुनी परत द्या. तुमची उत्तरं मात्र शब्दही न बदलता टाकली आणि ती गोकुळापेक्षा जास्त धावली. क्वीन ऑफ तुळिंजने सासूची पुढची हकीगत सात भागांत लिहिली आहे.

आणि अंधेरीहून एका जाहिरात कंपनीचा फोन आला. त्यांना गोपिका हवी आहे, तुम्ही हवे आहात, आणि ते पैसे देतात, चांगले देतात. एकच अट: ती अडकली पाहिजे. मामा, ती परत अडकवा. एक काडी वाकवायची ती काय. मग शेड तुमची. ते सणानंतर येतील. जे म्हणतील त्याला हो म्हणा.

आणखी एक. कुवेतहून कोणी व्हिव्हियन तुस्कानो विचारतोय, नाताळच्या गोठ्यात एखादं अडकणारं माणूस करून मिळेल का. भुईगावचा आहे म्हणतो. कुवेतमध्ये बसून त्याला कळलं की त्याच्या घरापासून सायकलच्या अंतरावर असं काही बनतं. त्याचा नंबर मागे लिहिलाय, पण घाई नाही. आधी मोठा मासा.

उद्यापासून पोस्ट गर्दीत असेल. गणपतीबाप्पाला माझा नमस्कार सांगा. तो तरी बोलतो का बघा.

नेत्रा


निर्मळ,
१४ सप्टेंबर २०२५

नेत्रास मामीचा आशीर्वाद.

मी पत्रं लिहीत नाही. वेळ नसतो. पण तू तुझ्या मामांना काय करायला सांगितलंस ते तुला कळावं म्हणून लिहिते.

गोपिका दुरुस्त करायला त्यांना एक दुपार लागली. बिघडवायला घेतल्याला तीन आठवडे होत आले आणि अजून जमत नाही. आधी काडी वाकवली, तर प्रत्येक फेरीला अडकायला लागली. मग थोडी सरळ केली, तर अडकेचना. मग म्हणे पूर्वीचा बाक नेमका आठवत नाही, आणि साधारण बाक मी देणार नाही. एक दिवस तिची मान अख्खी मागे फिरली. नेमका तेव्हा कुशल केळ्यांच्या क्रेटची मापं घ्यायला शेडमध्ये शिरला होता. तो बोंबलत विहिरीपर्यंत गेला. चप्पल अजून इथेच आहे. परवा डोकं निखळून कृष्णाच्या लोण्याच्या मडक्यात पडलं आणि मडक्यातून बघत राहिलं. तेव्हापासून मी संध्याकाळची शेडकडे जात नाही.

मी "बिघडवता" म्हटलं तर चालत नाही. "घडवतो" म्हणायचं.

तुला वाटत असेल मामी कजाग, शेडच्या मागे लागली आहे. मला शेडचं काही नाही. पण काम नसलेला हा माणूस दिवसभर घरात फिरतो आणि घर मोजतो. माझी पोळी ताटाला लावून बघतो आणि म्हणतो, पूर्वेला जाड आहे. शेडमध्ये केळी आली तर तुझ्या मामांना नवीन जागा शोधावी लागेल, नाहीतर पोटापाण्याचं काहीतरी बघावं लागेल, एवढाच माझा हिशोब. कामात असले की देवमाणूस आहेत. घरी असले की माप.

पितृपक्ष संपला की त्या जाहिरातवाल्यांना पाठव. हो म्हणायला मी लावते.

प्रेमलता


नाशिक,
२० सप्टेंबर २०२५

मामी, मामा, दोघांनाही,

घाईत पोस्टकार्ड. कंपनीचे लोक अठ्ठावीसला, रविवारी येतात. रुचिता नावाची मुलगी आणि आयुष नावाचा मुलगा. जाहिरात घरी दुरुस्तीवाला पाठवणाऱ्या कुठल्याशा ॲपची आहे. गोपिका अडकते का? एका शब्दात कळवा. मामा, फक्त हो किंवा नाही.

नेत्रा


निर्मळ,
४ ऑक्टोबर २०२५

चि. नेत्रा,

अडकते.

कशी ते एका शब्दात सांगता येत नाही. वाकड्या काडीचा नाद मी सोडला. काडी सरळच ठेवली. खाली सात दातांची एक चकती बसवली. प्रत्येक फेरीला ती एक दात पुढे सरकते. सातव्या दातावर पत्र्याची जीभ आहे. ती येते, मानेच्या दांडीला धरते, मोटरच्या जोरावर थरथरते आणि सोडते. पूर्वी अडकायची ती नशिबाने. आता अडकते ती माझ्या इच्छेने. दात बदलला तर पाचव्या फेरीला अडकेल, जीभ लांब केली तर जास्त वेळ बघेल. मारुतीपेक्षा हे काम कठीण होतं. मी केलेल्यांत हे सर्वांत चांगलं, असं मी प्रेमलतालाही सांगितलं. ती म्हणाली, बिघडलेलं?

रविवारी दोघं आली. प्रेमलताने पाहुण्यांचे कप काढले, काजूची बिस्किटं ठेवली आणि मला दारामागे घेऊन बजावलं की तोंड उघडायचं ते हो म्हणायला. पडवीबाहेर कुशलने आधीच रिकाम्या क्रेटची चळत आणून लावली होती. दसरा चार दिवसांवर होता.

गोपिका चालू केली. सातव्या फेरीला थांबली, त्यांच्याकडे बघितलं, थरथरली, वळली. आयुष खाली बसला, त्याला हसू आवरेना. रुचिताने लगेच जाहिरातीची गोष्ट समजावली. मी डोक्याला हात लावून ओट्यावर बसलेला. गोपिका अडकलेली. मला काही सुधरत नाही. तेवढ्यात एक लहान मुलगी फोनवर बोट लावते, निळ्या कपड्यांतला एक दुरुस्तीवाला येतो, गोपिकेच्या मानेला एक टिचकी मारतो आणि ती फिरायला लागते. मी उठून त्याला हात जोडतो.

मी म्हटलं, ती अडकलेली नाही. मी अडकवली आहे.

रुचिता म्हणाली, "काका, तेच ना. लोकांना काय कळतंय."

मी विचारलं, टिचकी मानेला मारणार की जिभेला? मानेला मारली तर जीभ तुटेल. आयुष म्हणाला, काका, ते एडिटमध्ये बघू. मग पैशांचा आकडा सांगितला. प्रेमलताने बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली. मी तिच्याकडे बघितलं. हो म्हणायचं होतं, मला माहीत होतं. बाहेर क्रेट दिसत होते.

मी म्हटलं, मला हात जोडता येतात, पण मला दुरुस्ती येत नाही असं मला दाखवता येणार नाही. मला येते.

मग प्रेमलताने रुचिताला विचारलं, तो निळा मुलगा एकाच टिचकीत नीट करतो का? रुचिता म्हणाली, हो काकू, दहा सेकंदांची ॲड आहे. प्रेमलता म्हणाली, "माझा अख्खा भाद्रपद गेला तिला अडकवण्यात. दहा सेकंदांत सोडवायला तुमचा मुलगा कोण लागून गेला?" आणि बिस्किटांची बशी उचलून आत गेली. आयुषच्या हातातलं एक राहिलं, ते त्याने खाल्लं.

ते गेल्यावर प्रेमलता पोळी वाढताना म्हणाली, आता दसऱ्याचं काय? तेव्हा मी तुझं जुनं पत्र काढलं आणि कुवेतला फोन लावला.

व्हिव्हियनला मी विचारलं, कितव्या फेरीला अडकायला हवं, आणि अडकल्यावर तोंड कोणत्या दिशेला? तो म्हणाला, तीन राजांतला तिसरा, जो उंट घेऊन येतो, तो गोठ्यापाशी पोचण्याआधी वळून स्वयंपाकघराकडे बघत अडकला पाहिजे. त्याचे वडील नाताळच्या दिवशी प्रार्थनेच्या मध्येच तसे अडकायचे. वडील आता नाहीत. आई, ग्लोरिया, भुईगावच्या घरी एकटी आहे. गोपिकेचा व्हिडिओ त्याने तिला पाठवला तेव्हा ती म्हणाली होती, हे तर आपले पप्पाच.

मी म्हटलं, मग स्वयंपाकघराचं दार नेमकं कुठे आहे ते मला मोजावं लागेल. दुसऱ्याच दिवशी सायकलवर जाऊन मोजून आलो. ग्लोरियाबाईंनी मी किती वेळ मोजतो आहे ते बघून दोनदा चहा दिला. आगाऊ पैसे दसऱ्याच्या आदल्या दिवशी आले. प्रेमलताने ते देवापुढे ठेवले आणि कुशलला फोन करून सांगितलं, तुझे क्रेट ने, आणि चप्पलही ने.

राजाची मान चालू आहे. उंटाचं काम बाकी आहे; उंट अडकणार नाही, त्याला कोणी सांगितलेलं नाही.

पानावर एवढा बदल कर. तारे होते तसेच राहू देत. तुतारी काढ. आणि गोपिकेच्या खाली पुढचा मजकूर घाल, एकही शब्द न बदलता. माझ्याकडे पुढे जो कोणी येईल त्याला आधीच कळलेलं बरं.

मामा

"तिसरी गोपिका दर सातव्या फेरीला अडकते. ती बिघडलेली नाही, तशी केलेली आहे. ती कोणा दुसऱ्याने एका टिचकीत दुरुस्त केली आणि तिच्या कर्त्याने त्यास हात जोडले, असे चित्र काढण्याचा प्रस्ताव दिनांक २८ सप्टेंबर रोजी आला होता. कर्त्याने तो नाकारला. नाकारलेली रक्कम रुपये एक लाख पंच्याहत्तर हजार; दुपारचे जेवण वेगळे."